दारावर बँकेची नोटीस आणि करारावर एकट्याचंच नाव : वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं

या खेपेला पत्रं चाळली तर दोनच विषयांची गर्दी दिसली, एक म्हणजे लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांचे घराचे प्रश्न आणि दुसरा म्हणजे मालकाचं कर्ज थकलं म्हणून भाडेकरूच्या दारावर आलेली बँकेची नोटीस, आणि काही पत्रांत तर हे दोन्ही एकाच घरात जमलंय. नावं कुणाचीच छापत नाही, तशी सगळ्यांनीच विनंती केलीय. पहिलं पत्र जरा मोठं घेते कारण बाकीच्यांचे निम्मे प्रश्न त्यात येऊन जातात.

प्रश्न : वकीलताई नमस्कार, मी आणि माझा पार्टनर तीन वर्षं विश्रामबागला, सांगलीत, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतोय. लग्न केलेलं नाही आणि सध्या करायचंही नाही. भाडेकरार दरवर्षी अकरा महिन्यांचा, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला आणि फक्त त्याच्या नावावर. ६० हजार डिपॉझिट दिलंय, त्यातले ४० माझे. मागच्या आठवड्यात दारावर बँकेचा कागद चिकटवलेला, त्यात जानेवारीच्या मागणी नोटिशीचा उल्लेख आहे आणि आमचा करार रिन्यू झालाय मार्चमध्ये. मालक फोन उचलत नाही. पार्टनर नोकरीसाठी बंगळुरूला गेलाय, महिन्यातनं एकदा येतो. सोसायटीतले म्हणतात तुमचं तर करारात नावच नाही, तुम्हाला पहिलं बाहेर काढतील. खरंय का?

ताई, उद्या सकाळी येऊन कुणी तुमचं सामान जिन्यात आणून टाकणार नाही, तसं करायचा बँकेला अधिकारच नाही. पण पुढचं सगळं गोड बोलत नाही, तुमच्या कागदात दोन-तीन कच्चे दुवे आहेत.

आधी तो दारावरचा कागद नीट वाचा, फाडू नका, मोबाईलवर तारखेसकट फोटो काढून ठेवा. हे सगळं चालतं सरफेसी कायद्याखाली, थकलेल्या कर्जासाठी बँकेला गहाण मिळकतीचा ताबा घेऊ देणारा २००२ चा कायदा आहे. कर्जाचा हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं, मग बँक कलम १३(२) ची मागणी नोटीस काढते आणि कर्जदाराला ६० दिवस देते. ही नोटीस मालकाला जाते, भाडेकरूला कुणी विचारत नाही, त्यामुळं तुम्हाला जानेवारीत काही कळलं नाही यात नवल नाही. ६० दिवसांत पैसे आले नाहीत की १३(४) खाली बँक ताबा घेते, पण हा ताबा बहुतेक वेळा कागदावरचाच असतो, त्याला सांकेतिक ताबा म्हणतात. त्यासाठीच तो कागद दारावर चिकटवतात आणि सात दिवसांच्या आत दोन पेपरात छापतात, त्यातला एक इथल्या भाषेतला पेपर लागतो. तुमच्या कागदावर खाली 'प्राधिकृत अधिकारी' अशी सही असेल, मधे थकबाकीचा आकडा असेल आणि सर्वसामान्य जनतेनं या मिळकतीबाबत व्यवहार करू नये असं वाक्य असेल. तसं असेल तर तुम्ही आत्ता या पायरीवर आहात.

प्रत्यक्ष कुलूप लावायला बँकेला कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज करावा लागतो, म्हणजे आपल्याकडं विजयनगरचं कलेक्टर ऑफिस. तिथनं आदेश झाला की तहसीलदार किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी पोलीस बंदोबस्त घेऊन येतो. कायद्यात या अर्जाचा निकाल ३० दिवसांत द्यायचा, कारण नोंदवून तो ६० पर्यंत वाढवता येतो असं आहे, पण प्रत्यक्षात किती वेळ लागतो ते तुम्ही सरकारी ऑफिसात एकदा जरी गेला असाल तर मी सांगायला नको. रिकव्हरी एजंट म्हणून कुणी दारात येऊन 'दोन दिवसांत खाली करा' म्हणाला तर त्याच्याकडं आदेशाची प्रत मागा. नसेल तर दार उघडायची गरज नाही, दमदाटी केली तर ११२ ला फोन लावा. रिझर्व्ह बँकेनं तर एजंटांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर कर्जदाराला वसुलीचे फोन करायलाच बंदी घातलीय, आणि तुम्ही तर कर्जदारही नाही.

आता भाडेकरूचा हक्क. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये हर्षद सोंडागर निकालात सांगितलं की घर गहाण टाकायच्या आधीपासूनचा कायदेशीर भाडेकरू असेल, किंवा गहाण टाकल्यावर पण मागणी नोटिशीच्या आधी नियमाप्रमाणं भाड्यानं दिलं असेल, तर भाडेपट्टा संपेपर्यंत बँक त्याला असंच बाहेर काढू शकत नाही. २०१६ मध्ये परत सांगितलं की रेंट ॲक्टचं, म्हणजे भाडे नियंत्रण कायद्याचं, संरक्षण असलेला भाडेकरू सरफेसीमुळं उघड्यावर पडत नाही. ही झाली चांगली बाजू. मग २०१९ मध्ये सेंट्रल बँकेच्या एका केसमध्ये कोर्टानं दुसरी बाजूही स्पष्ट केली, की तोंडी भाडेकरूनं पुरावा दाखवायला पाहिजे, आणि मागणी नोटिशीनंतर केलेल्या भाड्याला संरक्षण नाही. तुमचा मार्चचा करार इथं अडकतो, हा पहिला कच्चा दुवा. मागणी नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी परवानगीशिवाय मालकाला घर भाड्यानं द्यायचाच अधिकार नव्हता, सरफेसीच्या कलम १३(१३) मध्ये तसं लिहिलंय. त्यानं तुमच्यापासून लपवून करार रिन्यू केला आणि डिपॉझिट तसंच ठेवून घेतलं, ही त्याची लबाडी आहे आणि ती पुढं तुमच्या कामाला येणार आहे.

दुसरा कच्चा दुवा. तुमच्या कागदाचं शीर्षक वाचा, 'लिव्ह अँड लायसन्स' असेल, म्हणजे राहायची परवानगी. भाडेपट्ट्यात जागेत हक्क तयार होतो, लायसन्समध्ये तसा होत नाही, म्हणून वर सांगितलेले निकाल तुम्हाला पूर्ण लागू होतील असं समजू नका. त्यात करार नोटरीचा. आपल्याकडं सांगली-साताऱ्यात एक पक्का गैरसमज बसलाय की अकरा महिन्यांचा करार असला की रजिस्टर करायला नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणं करार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि रजिस्टर पाहिजेच, आणि ते करायची जबाबदारी मालकाची. नाही केलं तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रजिस्टर करार नसेल तर मालक-भाडेकरू वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात, जोपर्यंत मालक उलटं सिद्ध करत नाही. पण हे मालकापुढं चालतं, बँकेपुढं तेवढ्या जोरात चालत नाही.

आणि तिसरा दुवा म्हणजे तुमचं नाव. खरं सांगायचं तर बँकेच्या दृष्टीनं तुम्ही लग्नाच्या आहात का बिनलग्नाच्या यानं काडीचा फरक पडत नाही, बायको असता तरी करारावर नाव नसतं तर बँकेसमोर तुमचा स्वतःचा हक्क नसताच, जे काही मागायचं ते लायसन्सीमार्फतच, म्हणजे करारावर ज्याचं नाव आहे त्याच्यामार्फत. त्यामुळं सोसायटीवाल्यांचं 'तुम्हाला पहिलं काढतील' हे चूक, काढायचं तर दोघांना एकदमच काढतील. पण अर्ज कुणी करायचा हा प्रश्न उरतो. पार्टनर पुढच्या वेळी आला की त्याच्याकडनं तुमच्या नावे मुखत्यारपत्र करून घ्या, बँकेला पत्रं देणं, वकील लावणं, कागद सह्या करणं एवढ्यापुरतं. बंगळुरूहून फोनवर केस लढता येत नाही.

मग करायचं काय. बँकेच्या त्या अधिकाऱ्याला रजिस्टर एडीनं एक पत्र, त्यात तीनही वर्षांचे करार, भाड्याच्या ट्रान्सफरच्या एन्ट्र्या, लाईटबिल, गॅसबुक जोडून सांगा की आम्ही इथं राहतोय, आम्हाला न कळवता ताबा घेऊ नये. तीच प्रत कलेक्टर ऑफिसला. हक्काचं भांडण करायचं तर सरफेसीच्या कलम १७ खाली डीआरटीत, म्हणजे कर्ज वसुली न्यायाधिकरणात, बँकेनं पाऊल उचलल्यापासून ४५ दिवसांत अर्ज करावा लागतो. आपल्याला ते पुण्यात, सांगलीच्या दिवाणी कोर्टात यावर स्टे मिळत नाही. २०१६ च्या दुरुस्तीनं डीआरटीला भाडेकरूचा दावा तपासायचा अधिकार दिलाय, पण तपासताना ते बघतात की मुदत संपलीय का, गहाणाच्या अटींच्या विरुद्ध आहे का, मागणी नोटिशीनंतरचा आहे का. तुमच्या बाबतीत शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला माहीतच आहे. म्हणून माझं मत असं की पुण्याला हेलपाटे मारून वकिलाची फी भरण्याआधी बँकेत जाऊन बसा आणि लेखी मागा, की आम्ही स्वखुशीनं जागा सोडतो, आम्हाला अमुक तारखेपर्यंत मुदत द्या. बँकेला लिलावाला रिकामा फ्लॅट पाहिजे असतो, राहत्या माणसाचा फ्लॅट कमी किमतीला जातो, त्यामुळं अधिकारी बऱ्याचदा तयार होतात. घर वाचणार नाही ताई, वेळ मिळेल.

डिपॉझिट हे मालकाचं देणं आहे, बँक ते देणार नाही, लिलावात घेणाराही देणार नाही. मालकाला व्हॉट्सॲपवर आणि पोस्टानं दोन्हीकडं कळवा की इथनं पुढचं भाडं डिपॉझिटमधनं वळतं करा, आणि तो 'हो' म्हणाला तर तो मेसेज जपून ठेवा. नाही म्हणाला तर भाडं बँक ट्रान्सफरनंच द्या, रोख नको. डिपॉझिट बुडालंच तर वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, आणि मार्चमध्ये नोटीस लपवून करार केल्याबद्दल पोलिसांत फसवणुकीची तक्रारही देता येते. तुमचे ४० हजार तुम्ही पार्टनरला दिलेत का मालकाला, हे तुमच्या बँक स्टेटमेंटवर दिसतं का बघा. पार्टनरला गेले असतील तर मालक उद्या डिपॉझिट परत करताना सगळे ६० त्यालाच देईल, मग तुमचा हिशोब त्याच्याशी.

तुम्ही विचारलं नाही तरी एक सांगते. लग्न न करता राहणाऱ्या बाईला घरात राहायचा हक्क देणारा एक कायदा आहे, घरगुती हिंसाचाराचा २००५ चा, त्यात 'लग्नासारखं नातं' धरलंय आणि 'सामाईक घर' म्हणजे भाड्याचं घर पण येतं. पार्टनरनं त्रास देऊन बाहेर काढलं तर तो उपयोगी. पण तो पार्टनरविरुद्ध आहे, बँकेचा लिलाव त्यानं थांबेल असं धरून चालू नका.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत दोघंही नोकरीला आहोत. जिथं घर बघायला जाईल तिथं मालक मॅरेज सर्टिफिकेट मागतो. एका मालकानं सुचवलं की 'मावसभाऊ-मावसबहीण लिहा, मला चालतंय'. लिहावं का?

अजिबात लिहू नका. दोन सज्ञान माणसांनी लग्न न करता एकत्र राहणं हा गुन्हा नाही, सुप्रीम कोर्टानं हे २००६ मध्ये आणि परत २०१० मध्ये सांगितलंय. घर भाड्यानं द्यायला लग्नाचा दाखला लागतोच असा कायदा नाही, पण मालकाला नाही म्हणायचं स्वातंत्र्य आहे आणि त्यावर तुम्ही फारसं काही करू शकत नाही. दुसरं घर बघा. सांगली-मिरजेत आता असे मालक मिळतात, आधीच खरं सांगितलं तर उलट कमी कटकट होते.

मावसभाऊ लिहिण्याचा तोटा आत्ता कळत नाही. उद्या काही झालं आणि घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली दाद मागायची वेळ आली तर कोर्ट काय तपासतं, तर दोघं लग्नाच्या वयाचे होते का, लग्न करायला मोकळे होते का, बराच काळ एकत्र राहिले का, आणि समाजापुढं नवरा-बायकोसारखे वावरले का. २०१० च्या वेलुसामी निकालातल्या या कसोट्या आहेत. आता तुमच्या स्वतःच्या सहीच्या करारावरच 'मावसभाऊ' लिहिलेलं असेल तर समोरचा वकील तोच कागद पुढं करणार. आणि उलट टोकाला जाऊन 'पती-पत्नी' पण लिहू नका, खोटं ते खोटंच. नातं लिहायची गरजच नाही, दोघांची नावं 'लायसन्सी क्र. १' आणि 'लायसन्सी क्र. २' अशी घाला, दोघांचं आधार, दोघांच्या सह्या. करार ऑनलाईन रजिस्टर होतो, एजंट घरी येऊन अंगठा-फोटो घेऊन जातो. रजिस्ट्रेशन फी शहरात हजार, खेड्यात पाचशे, स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का आणि डिपॉझिटचा थोडा हिशोब. एवढ्या पैशात तुम्हाला त्या विश्रामबागच्या ताईंचा अर्धा त्रास वाचवता येतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असेल तर तिथंही दोघांची द्या.

प्रश्न : सातारा, गोडोली. मी आणि माझा तेव्हाचा पार्टनर, दोघांनी मिळून २०१९ ला फ्लॅट घेतला, खरेदीखत दोघांच्या नावावर, होमलोन पण दोघांच्या नावावर. डाऊन पेमेंट सगळं माझं, हप्तेही ८० टक्के मीच भरलेत. आता आम्ही वेगळे झालोय, तो म्हणतो अर्धा फ्लॅट माझा, आणि हप्ते भरणं त्यानं बंद केलंय. बँक म्हणते आम्हाला तुमच्या भांडणाशी देणंघेणं नाही, पूर्ण हप्ता भरा नाहीतर नोटीस. दोघंही बरोबर आहेत का?

बँक बरोबर, तो अर्धाच बरोबर.

बँकेचं आधी. दोघांनी मिळून कर्ज घेतलं की करार कायदा कलम ४३ प्रमाणं बँक कुणा एकाकडनंही पूर्ण रक्कम मागू शकते. 'माझा अर्धा मी भरला' म्हणून सिबिल वाचत नाही आणि सरफेसी पण थांबत नाही. त्यामुळं काहीही करून तीन हप्ते लागोपाठ चुकू देऊ नका, राग त्याच्यावर काढा, खात्यावर नको. तुम्ही जास्तीचं भरलेलं त्याच्याकडनं वसूल करायचा हक्क त्याच कलमात आहे. तुमच्या खात्यातनं कापलेला प्रत्येक हप्ता स्टेटमेंटवर दिसतो, २०१९ पासूनची सगळी स्टेटमेंट काढून बँकेचा शिक्का मारून फाईल करून ठेवा.

आता मालकी. मालमत्ता हस्तांतरण कायदा कलम ४५ म्हणतं की दोघांनी वेगवेगळ्या पैशातनं घर घेतलं आणि वेगळा करार नसेल तर ज्यानं जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा हिस्सा, आणि कुणी किती घातले हे सिद्ध करता आलं नाही तरच दोघांचे हिस्से समान धरायचे. तुम्हाला तर सिद्ध करता येतंय. खरेदीखतात 'समान हिस्सा' किंवा टक्केवारी लिहिलीय का ते आजच बघा, लिहिलं असेल तर खेळ बदलतो. लिहिलेलं नसेल तर त्याला लेखी कळवा की तुमचा हिस्सा एवढा टक्के, तो मला विकून मोकळे व्हा. तो तयार झाला तर हक्कसोडपत्र, पण एक गोष्ट लक्षात ठेवा, नवरा-बायकोत राहतं घर बक्षीस द्यायला महाराष्ट्रात २०० रुपयांची सवलत आहे ती तुम्हाला मिळत नाही, तुम्ही कायद्यानं परके, म्हणून त्याच्या हिश्श्यावर खरेदीखतासारखीच ड्युटी बसेल. आणि कर्जातनं त्याचं नाव काढायला बँकेची परवानगी लागेल, त्यासाठी तुमच्या एकटीच्या पगारावर कर्ज बसतंय का ते बँक बघेल. तो तयारच नसेल तर वाटपाचा दावा, जो वर्षानुवर्षं चालतो, म्हणून थोडं कमी-जास्त करून मिटवा असं मी सांगेन.

हे वाचून काही जण म्हणतील मग आधीच एकाच्याच नावावर घ्यावं, पैसे दुसऱ्यानं द्यावेत. सावध राहा. बेनामी कायद्यात बायको, नवरा, मुलं यांच्या नावानं स्वतःच्या वैध पैशातनं घर घ्यायला सूट आहे, लिव्ह-इन पार्टनरला ती सूट नाही. पैसे तुमचे आणि नाव तिचं असं झालं तर व्यवहार बेनामी ठरून मिळकत जप्त व्हायची वेळ येऊ शकते, आणि शिक्षा एक ते सात वर्षं. खरंच द्यायचे असतील तर लेखी कर्ज म्हणून नाहीतर लेखी बक्षीस म्हणून द्या, इन्कम टॅक्सवाल्याला विचारून. साताऱ्यातनं, कराडातनं असे दोन-तीन प्रश्न आलेले, त्यांना हेच उत्तर.

प्रश्न : कराड. वीस वर्षं जुन्या वाड्यात भाडेकरू आहे, पावत्या सगळ्या आहेत. मालकाच्या मुलानं पतसंस्थेचं कर्ज काढून थकवलं, आता वसुली अधिकारी येऊन म्हणाला जप्ती होणार, खाली करा.

काका, तुमचं प्रकरण वरच्या ताईंपेक्षा खूप मजबूत आहे. सहकारी बँका सरफेसीत येतात का यावर बरीच वर्षं वाद होता, ५ मे २०२० ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी तो मिटवला, आणि ती केस होती आपल्या शेजारच्या मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेची. पण हे बँकांचं झालं. पतसंस्था बँक नाही, तिची वसुली सहकार कायदा १९६० च्या कलम १०१ चा वसुली दाखला, कलम १५६ आणि नियम १०७ यातनं होते. म्हणून वसुली अधिकाऱ्याला पहिलं विचारा, दाखल्याचा नंबर काय, जप्तीचा आदेश कुठाय. मग त्याच्याकडंच लेखी हरकत द्या, पावत्यांच्या झेरॉक्स लावून, पोच घेऊन. एक प्रत सहाय्यक निबंधकांना.

लिलाव झाला तरी घेणारा माणूस मालकाच्या जागी येतो, एवढंच. तुमच्या जागेला भाडे नियंत्रण कायदा लागू असेल तर नव्या मालकालाही तुम्हाला काढायला कायद्यातलं कारण दाखवून दावाच लावावा लागेल. तोवर भाडं थांबवू नका, नवा मालक घेत नसेल तर मनीऑर्डर करा आणि परत आलेली पावती ठेवा. भाडं थकलं हे सगळ्यात सोपं कारण असतं, ते त्यांच्या हातात आपणहून देऊ नका. लाईट-पाणी तोडलं तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली कोर्टात जाता येतं.

प्रश्न : वाई. माझं वय ६१, त्यांचं ६७. दोघांचेही जोडीदार वारले, आम्ही सात वर्षं त्यांच्या घरात एकत्र राहतो, घरगुती कारणांनी लग्न केलं नाही. त्यांची मुलं तोंडावर म्हणतात 'बाबा गेले की तुम्ही निघायचं'. घरावर थोडं कर्ज पण आहे.

ताई, हा प्रश्न विचारायला सात वर्षं लागली याचं वाईट वाटतं, पण उशीर झालेला नाही, ते हयात आहेत.

कायदा असा की लग्न नसेल तर तुम्ही त्यांच्या वारस नाही. हिंदू वारसा कायद्यात मुलं पहिल्या वर्गात, जोडीदार म्हणून तुमचं नाव कुठंच येत नाही. खूप वर्षं एकत्र राहिलेल्यांचं लग्न झालेलंच होतं असं कोर्ट गृहीत धरतं हे खरंय, पण ते गृहीतक मोडता येतं, आणि तुम्ही स्वतःच सगळ्यांना लग्न केलं नाही असं सांगता. घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली राहायचा हक्क मागता येईल, पण मुलांविरुद्ध, त्यांच्या पश्चात, या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या, ते मी तुम्हाला पहिला उपाय म्हणून सांगणार नाही.

पहिला उपाय मृत्युपत्र. घर त्यांनी स्वकष्टानं घेतलेलं असेल तर ते कुणालाही देऊ शकतात, मुलं अडवू शकत नाहीत. वडिलोपार्जित असेल तर फक्त त्यांच्या हिश्श्यापुरतं. सगळं घर तुमच्या नावावर करा असं मी म्हणत नाही, मुलं पेटून उठतील आणि मृत्युपत्राला आव्हान देतील. मधला मार्ग असा की मालकी मुलांना आणि तुम्हाला हयातभर राहायचा हक्क, घर विकायचं नाही, तुम्ही असेपर्यंत खोल्या कोणत्या, पाणी-लाईटबिल कुणी भरायचं, सगळं लिहून. दोन साक्षीदार लागतात, त्यात तुम्ही नको, मुलंही नकोत, शक्यतो त्यांच्यापेक्षा तरुण माणसं घ्या. मृत्युपत्राला महाराष्ट्रात स्टॅम्प लागत नाही, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण कराच, आणि त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांकडनं 'मानसिकदृष्ट्या सक्षम' असा दाखला घेऊन जोडा, म्हणजे नंतर 'बाबांना काही कळत नव्हतं' हा मुद्दा राहत नाही.

बँकेत तुमचं नॉमिनी म्हणून नाव आहे म्हणून निर्धास्त राहू नका, नॉमिनी पैसे उचलून घेतो, मालक वारस किंवा मृत्युपत्रातला माणूसच होतो. आणि ते कर्ज. त्यांच्या पश्चात कर्ज घराला चिकटूनच राहतं, हप्ते थांबले तर वरच्या सगळ्या नोटिसा याच दारावर येतील आणि तुमचा हयातभराचा हक्क गहाणाच्या नंतरचा असल्यानं बँकेपुढं टिकणार नाही. तेव्हा जमलं तर ते कर्ज त्यांच्या हयातीतच फेडून टाका, किंवा कर्जाचा विमा काढलाय का ते बघा. बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडनं वकील फुकट मिळतो, साताऱ्याला जिल्हा कोर्टात त्यांचं ऑफिस आहे, फोन १५१००. मृत्युपत्राचा मसुदा तिथंही दाखवून घ्या.

प्रश्न : मिरज. भाड्यानं घर घेण्याआधी मालकाचं कर्ज थकलंय का हे कळायचा काही मार्ग आहे का?

थकलंय का हे बँक तुम्हाला सांगणार नाही, पण कर्ज आहे का हे कळतं. स्वतंत्र घर किंवा बंगला असेल तर सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर बोजा चढवलाय का बघा, गावठाणात ग्रामपंचायतीचा घरउतारा मागा. फ्लॅटला एवढ्यावर भागत नाही, तिथं नोंदणी विभागाच्या वेबसाईटवर ई-सर्च करा, खरेदीखतासोबत गहाणाची 'नोटीस ऑफ इंटिमेशन' पण बऱ्याचदा सापडते. सरसाई म्हणून केंद्र सरकारची नोंदवही आहे, तिथं थोडी फी भरून कुणालाही मिळकतीवरचं कर्ज शोधता येतं. कर्ज निघालं म्हणून लगेच घर सोडू नका, आजकाल बहुतेक फ्लॅटवर कर्ज असतंच. मालकाला एवढंच म्हणा की बँकेची भाड्यानं द्यायला हरकत नाही असं पत्र आणा आणि गेल्या सहा महिन्यांचं लोन स्टेटमेंट दाखवा, आकडे झाकले तरी चालतील, हप्ते वेळेवर गेलेत एवढं दिसू दे. आणि करारात एक ओळ घाला, की कर्जाबाबत कुठलीही नोटीस आली तर मालक सात दिवसांत लेखी कळवेल, नाही कळवलं तर डिपॉझिट तात्काळ परत. ही ओळ वाचून मालकाचा चेहरा पडला तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं, दुसरा फ्लॅट बघा.